सुप्त क्षय: घरातल्या चार रिपोर्टांत जंतू कुठे आहे?

या ब्लॉगवर आपण अधूनमधून एखादा गाजलेला शोधलेख घेतो आणि तो चिकित्सकपणे कसा वाचायचा ते बघतो. आजचा लेख २०१९ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेला आहे. लेखक मार्सेल बेर, पॉल एडेलस्टाइन आणि ललिता रामकृष्णन. शीर्षकच प्रश्नार्थक आहे: क्षयाच्या जंतूचा संसर्ग आयुष्यभर टिकतो का? त्यांचं उत्तर थोडक्यात असं: बहुतेकांच्या बाबतीत, नाही. ज्याला आपण ‘सुप्त क्षयसंसर्ग’ म्हणतो, तो अनेकदा संसर्ग नसतोच, होऊन गेलेल्या संसर्गाची आठवण असते.

हा लेख निवडायचं कारण म्हणजे त्याचा परिणाम सेमिनार हॉलपुरता नाही. आपल्याकडे घरात एखाद्याला फुप्फुसाचा क्षय निघाला की बाकीच्यांची तपासणी होते, आणि शहरांत तरी त्यात रक्ताची ‘इग्रा’ चाचणी असू शकते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की घरचे म्हणतात, "हिच्यातही जंतू आहेत." मग काही महिने गोळ्या, यकृताची काळजी, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर ‘कुणाला सांगू नका’ हेही आलंच. तेव्हा रिपोर्टचा अर्थ नेमका काय, हा प्रश्न त्या घरासाठी पुस्तकी राहत नाही.

आधी एक घर

समजा, पाच-सहा माणसांचं एक घर आहे. घर काल्पनिक, पण आकडे चाचणीत येतात तसेच. वडिलांच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले आणि त्यांचे उपचार सुरू झाले. इतरांना खोकला, ताप, वजन घटणं असं काही नाही, छातीचे एक्स-रे स्वच्छ आहेत. इग्राचे आकडे असे आले:

आजी, वय ६६: १.९०, पॉझिटिव्ह
आई, वय ३६: ०.४१, पॉझिटिव्ह
मुलगी, वय १७: ५.६०, पॉझिटिव्ह
मुलगा, वय १२: ०.२९, निगेटिव्ह
शेंडेफळ, वय ३: चाचणी केलेली नाही

पुढे वाचण्याआधी एक मिनिट थांबा. यातल्या कुणाच्या शरीरात आज जिवंत जंतू आहेत, ते कागदावर लिहा. लेख संपल्यावर ते उत्तर पुन्हा बघा.

चाचणी मोजते काय?

क्वांटिफेरॉन प्लस या प्रचलित इग्रा चाचणीत चार नळ्यांत साधारण एक-एक मिलिलिटर रक्त घेतात. पहिल्या नळीत काहीच नसतं. दोन नळ्यांत क्षयाच्या जंतूच्या दोन प्रथिनांचे तुकडे असतात, त्यांची नावं ईसॅट-६ आणि सीएफपी-१०. चौथ्या नळीत मायटोजेन असतं. कुठल्याही धडधाकट टी-पेशींना ते डिवचतं, म्हणजे पेशी कामाच्या आहेत ना, याची ती खातरजमा. ३७ अंशांवर १६ ते २४ तास ठेवल्यावर टी-पेशींनी किती इंटरफेरॉन-गॅमा सोडलं ते मोजतात. प्रथिनांच्या नळीतून रिकाम्या नळीचा आकडा वजा केला आणि उत्तर ०.३५ किंवा जास्त आलं, शिवाय ते रिकाम्या नळीच्या आकड्याच्या पाव पटीहून कमी नसलं, तर पॉझिटिव्ह. मायटोजेनच्या नळीतच पेशी गप्प राहिल्या, तर कमी आलेल्या आकड्याला ‘निगेटिव्ह’ म्हणता येत नाही. ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असा तो रिपोर्ट असतो.

या चाचणीची एक बाजू खरंच भक्कम आहे. ही दोन प्रथिनं बीसीजी लशीतल्या जंतूत नसतात. त्यामुळे जन्मताच बीसीजी टोचलेल्या आपल्या देशात जुन्या मांटू चाचणीतला मोठा गोंधळ इथे टळतो. याच दोन प्रथिनांवर आधारलेली, पण त्वचेत टोचायची साय-टीबी ही चाचणी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने अशा त्वचा-चाचण्यांना २०२२ साली मान्यता दिली.

आता वरचा परिच्छेद पुन्हा वाचा. त्यात जंतू कुठे आला? कुठेच नाही. नळीत घातलेली प्रथिनं आपली, उत्तर देणाऱ्या पेशी त्या माणसाच्या. ‘या पेशींची या प्रथिनांशी पूर्वी भेट झाली होती का?’ एवढंच आपण विचारलं. भेट मागच्या महिन्यातली की चाळीस वर्षांपूर्वीची, पाहुणा अजून घरात आहे की गेला, हे विचारलंच नाही.

तरी रिपोर्टवर शब्द येतो ‘सुप्त’. मराठीत सुप्त म्हणजे झोपलेला, आणि झोपलेला म्हटलं की कुणीतरी आत आहे हे आपण न तपासताच मान्य केलेलं असतं. गंमत बघा, जागतिक आरोग्य संघटनेची सुप्त संसर्गाची व्याख्यासुद्धा जंतूवर बेतलेली नाही. क्षयजंतूच्या प्रतिजनांना शरीराचा प्रतिसाद टिकून असणं आणि सक्रिय आजाराची चिन्हं नसणं, अशी ती आहे. व्याख्या प्रतिसादाची, नाव मात्र संसर्गाचं. बेर आणि सहकाऱ्यांनी नेमकं याच फटीवर बोट ठेवलं.

लेखाचा युक्तिवाद

त्यांचे मुख्य मुद्दे दोन.

एक: प्रतिबंधक म्हणून आयसोनियाझिड घेतलेल्यांमध्ये क्षयाचं प्रमाण बरंच घटतं, पण त्वचा-चाचणी त्यानंतरही पॉझिटिव्ह राहते. म्हणजे जंतू संपले तरी आठवण उरते. मग पॉझिटिव्ह चाचणीवरून जंतू असल्याचं कसं ठरवायचं?

दोन: प्रतिकारशक्ती खचली तर झोपलेला जंतू जागा व्हायला हवा. पण एचआयव्ही, अवयव-प्रत्यारोपण, टीएनएफ रोखणारी औषधं अशा परिस्थितीतल्या लोकांच्या पाहण्या बघितल्या, तर चाचणी पॉझिटिव्ह असलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोकांना क्षय झालाच नाही. घराचा पहारा उठला आणि तरी कुणी बाहेर आलं नाही, तर आत कुणी नव्हतं असं समजायला जागा आहे.

याला त्यांच्याच २०१८ च्या लेखाची जोड आहे. ज्यांना आजार होतो त्यांच्यापैकी बहुतेकांना तो संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत होतो, दशकांनंतर उठणारा क्षय हा अपवाद, असं त्यात मांडलं होतं.

हे मान्य केलं तर एक सगळीकडे दिसणारा आकडा डळमळतो. हूबेन आणि डॉड यांनी २०१६ साली प्लॉस मेडिसिनमध्ये अंदाज मांडला की जगातल्या सुमारे २३ टक्के, म्हणजे १७० कोटींच्या आसपास लोकांना सुप्त संसर्ग आहे. हा आकडा मोजलेला नाही. वर्षाला किती जणांना संसर्ग होतो याचा अंदाज बांधून, आयुष्यभराची बेरीज करत तो काढला आहे. त्या बेरजेत एकदा झालेला संसर्ग वजा होत नाही. त्याच निबंधात दुसरा आकडाही आहे, जो फार कमी ठिकाणी उद्धृत होतो: गेल्या दोन वर्षांत संसर्ग झालेले लोक सुमारे ०.८ टक्के, म्हणजे साडेपाच कोटींच्या घरात. २३ आणि ०.८, एकाच निबंधातले दोन आकडे. धोरणाच्या भाषणात पहिला लागतो. आपल्या घरासाठी दुसऱ्याची पाठीमागची कल्पना जास्त कामाची: संसर्ग अलीकडचा आहे का?

मला काय पटतं, काय पटत नाही

लेखाचं बळ असं की त्याने नवं यंत्र किंवा नवा डेटा न आणता जुन्या निरीक्षणांना नवा प्रश्न विचारला. संशोधन म्हणजे प्रयोगशाळेतलं महागडं काम, असा समज असलेल्यांनी हे लक्षात घ्यावं. पण हा ‘विश्लेषण’ सदरातला लेख आहे, पद्धतशीर आढावा नव्हे. कोणत्या पाहण्या घ्यायच्या हे लेखकांनी ठरवलंय. असा लेख वाचताना पुराव्यासोबत पुराव्याची निवडही तपासावी लागते.

आता माझे आक्षेप.

पहिला, आयसोनियाझिडवर. औषधाने आजार घटला, हे खरं. अलास्कातल्या बेथेल भागात जॉर्ज कॉमस्टॉक आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात हे संरक्षण १९ वर्षांहून अधिक टिकलेलं दिसलं. पण इथे मोजलाय आजार. शरीरातला प्रत्येक जंतू मेला का, हे कुणी मोजलेलं नाही. काही लोकांत थोडे जंतू उरले आणि तेच आठवण जागी ठेवतात, ही शक्यता या डेटाने बंद होत नाही. म्हणजे चाचणीवाल्यांनी प्रतिसादावरून जंतूचा अंदाज केला म्हणून लेखक त्यांना पकडतात, आणि स्वतः आजार न होण्यावरून जंतू नसल्याचा अंदाज करतात. पायरी वेगळी, उडी तशीच.

दुसरा, एचआयव्हीवर. इथे छेद कोणाचा आहे ते बघा. प्रतिकारशक्ती फार खचली की चाचणीच निगेटिव्ह येऊ लागते, कारण उत्तर द्यायला पेशीच उरत नाहीत. मग एचआयव्ही असूनही ज्यांची चाचणी पॉझिटिव्ह आली, ते त्या गटातले तुलनेने धडधाकट लोक झाले. त्यांच्यात आजार कमी दिसला यात नवल काय? प्रत्यारोपणापूर्वी किंवा औषधं सुरू होण्यापूर्वी चाचणी झालेल्यांना हा आक्षेप लागू होत नाही, म्हणून मुद्दा पूर्ण कोसळत नाही, पण ९० चा आकडा सगळीकडे सारख्या वजनाने वापरता येत नाही.

तिसरा, प्रत्यक्ष जंतू शोधल्याच्या पुराव्यावर. तो जुना आहे आणि शवविच्छेदनातून आलेला आहे. ओपी आणि अ‍ॅरन्सन यांनी १९२७ साली मृतांच्या फुप्फुसांचे तुकडे गिनीपिगांना टोचून बघितले. बऱ्या झालेल्या, कॅल्शियम साठलेल्या जुन्या गाठींतून बहुधा काही उगवलं नाही, पण वरून निरोगी दिसणाऱ्या फुप्फुसाच्या भागातून काही वेळा जिवंत जंतू मिळाले. म्हणजे दोन्ही बाजूंना थोडं-थोडं काही आहे. जिवंत माणसात हा प्रश्न सोडवणारी चाचणी आजही आपल्या हातात नाही. मला वाटतं या लेखाचा खरा निष्कर्ष ‘बहुतेकांत जंतू नाहीत’ हा नसून ‘आपण ज्याला मोजमाप म्हणत होतो ते मोजमाप नव्हतं’ हा आहे. लेखकांनी दुसऱ्यावरून पहिल्यावर जरा घाईने झेप घेतली.

आता पुन्हा त्या घरात

आई आणि मुलगा. ०.४१ आणि ०.२९. एकीवर शिक्का पॉझिटिव्ह, दुसऱ्यावर निगेटिव्ह. मेटकाफ आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली या चाचणीच्या आधीच्या आवृत्तीवर काम केलं. तोच नमुना पुन्हा तपासला तर आकडा किती हलतो, हे त्यांनी पाहिलं. कट-ऑफच्या आसपासच्या नमुन्यांत साधारण ०.२४ इतका वर-खाली फरक सहज पडू शकतो, असं त्यांना दिसलं. आई-मुलातला फरक आहे ०.१२. म्हणजे उद्या तेच रक्त पुन्हा मशीनवर लावलं तर दोघांचे शिक्के बदलू शकतात. त्यातून मुलाची चाचणी लवकर झाली असेल, तर संसर्गानंतर प्रतिसाद दिसायला लागणारे दोन ते दहा आठवडे अजून भरलेले नसतील. त्याच्या ‘निगेटिव्ह’वर घराने निर्धास्त होऊ नये.

आजी. १.९०, कट-ऑफच्या बरीच वर. पण भारताच्या २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय क्षय सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या लोकांत असा संसर्ग सुमारे ३१ टक्के आढळला होता. म्हणजे घरात क्षयरुग्ण नसतानाही दर तीन प्रौढांमागे जवळपास एक जण पॉझिटिव्ह निघाला असता. आजीची ही आठवण मुलाच्या खोकल्याची असेल, किंवा तिच्या तरुणपणीच्या शेजारणीची. आकडा ते सांगत नाही.

मुलगी. ५.६०. इथे मोह होतो. दक्षिण आफ्रिकेतल्या लहान मुलांवरच्या २०१७ च्या एका अभ्यासात, आधी निगेटिव्ह असलेला आकडा ४ च्या वर गेला तर पुढे क्षय होण्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त दिसला, आणि ०.३५ ते ४ च्या पट्ट्यात तसा ठळक फरक दिसला नाही. पण ती बाळं होती, आणि त्यांची चाचणी पुन्हा पुन्हा झाली होती. आपल्या मुलीचा आधीचा रिपोर्टच नाही. तेव्हा हा आकडा काळजीपूर्वक लक्ष ठेवायचं कारण आहे, तिच्या धोक्याचं गणित नाही. तिला संसर्ग वडिलांकडूनच झाला असंही गृहीत धरू नका. केपटाऊनच्या दोन वस्त्यांत व्हर्व्हर आणि सहकाऱ्यांनी जंतूंचे जनुकीय ठसे जुळवले तेव्हा, २००४ च्या त्यांच्या निबंधानुसार, घरातून झालेला प्रसार सुमारे १९ टक्केच निघाला. क्षयाचा प्रादुर्भाव जास्त असलेल्या शहरात मुलगी घरची हवा घेते, तशीच बसची आणि क्लासचीही घेते.

यातून संशोधनाचा एक धडा निघतो. एका घरातली पाच माणसं म्हणजे पाच स्वतंत्र नमुने नव्हेत. त्यांची खोली एक, रुग्ण एक, जेवणाचं ताट एकाच स्वयंपाकातलं. घरांचा डेटा घेऊन प्रत्येक माणूस सुटा धरून पी-व्हॅल्यू काढली, तर ती खोटीच लहान येते. प्रबंधाच्या आराखड्यात ‘क्लस्टरिंगचा विचार केला आहे’ हे वाक्य नुसतं टाकू नका, कसा केला तेही लिहा.

आणि पॉझिटिव्ह आलेल्यांचं पुढे काय होतं? ब्रिटनमध्ये क्षयरुग्णांचे संपर्क आणि नव्याने आलेले स्थलांतरित यांच्यावरचा मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. इग्रा पॉझिटिव्ह असलेल्या दर १०० जणांपैकी तीन-चारांना सुमारे तीन वर्षांत क्षय झाला. म्हणजे ९६ जणांसाठी रिपोर्टची भीती फुकट, आणि चौघांसाठी ती अगदी खरी. कोण कुठल्या गटात, हे रिपोर्टवरून कळत नाही.

मग चाचणी टाकून द्यायची?

नाही. बेर यांचा लेख वाचून काही जण लगेच या टोकाला जातात, म्हणून हे स्पष्ट लिहितोय. जंतू नक्की आहे की नाही हे माहीत नसतानाही धोका मोजता येतो, आणि निर्णय धोक्यावर घ्यायचा असतो. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं बघा. फुप्फुसाच्या क्षयाच्या रुग्णाच्या घरातलं पाच वर्षांखालचं मूल असेल, तर सक्रिय आजार नाही ना एवढं तपासून प्रतिबंधक उपचार द्यायचे, संसर्गाच्या चाचणीसाठी थांबायचं नाही. आपल्या घरात सगळ्यांत कमी शंका कुणाबद्दल आहे? ज्याचा रिपोर्टच नाही, त्या तीन वर्षांच्या मुलाबद्दल. मोठ्यांच्या बाबतीत चाचणी मदत करते, पण ती इतर माहितीच्या शेजारी ठेवून: वय, मधुमेह, वजन, रुग्णाजवळ किती काळ घालवला, यकृताची स्थिती. हे डॉक्टरांसोबत बसून ठरवायचं काम आहे, रिपोर्टवरच्या एका शब्दाने ठरवायचं नाही.

रक्ताच्या रिपोर्टवर फाजील विश्वास टाकल्याची किंमत आपण आधी एकदा मोजली आहे. क्षयाचं निदान करतो म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रतिपिंड-चाचण्या खासगी लॅबमध्ये सर्रास होत. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली त्या वापरू नका असं सांगितलं आणि भारताने २०१२ साली त्यांच्यावर बंदी घातली. इग्रा त्या जातीची नाही, ती कितीतरी चांगली चाचणी आहे. पण तीसुद्धा सक्रिय क्षयाचं निदान करत नाही. खोकला असलेल्या माणसाची थुंकी न तपासता इग्रा करणं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही वाया.

दुसऱ्या बाजूला झारखंडचा रेशन्स अभ्यास ठेवून बघा. अनुराग भार्गव, माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांचे हे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. क्षयरुग्णांच्या घरच्यांना काही महिने जादा शिधा दिला. दहा हजारांहून जास्त संपर्कांवर लक्ष ठेवलं आणि शेवटी मोजला तो प्रत्यक्ष आजार. जादा शिधा मिळालेल्या घरांत क्षय सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाला. कुणाच्या फुप्फुसात जंतू झोपलाय आणि कुणाच्या नाही, याचं उत्तर त्यासाठी लागलं नाही.

तुमच्यासाठी काम

तुमच्या विषयातला एखादा निबंध काढा. विषय क्षयच असायला हवा असं नाही, शिक्षणशास्त्रातली ‘आकलनक्षमता’ चालेल, अर्थशास्त्रातलं ‘दारिद्र्य’ही चालेल. कागदाच्या दोन बाजू करा. डावीकडे लिहा, प्रत्यक्ष काय मोजलं. उजवीकडे लिहा, त्याला नाव काय दिलं. मग छेद कुणाचा होता ते खाली लिहा. दोन बाजूंमध्ये जेवढं अंतर दिसेल, तेवढ्यावर तुमचा संशोधन-प्रश्न उभा राहू शकतो. आणि मघाशी त्या घराबद्दल कागदावर लिहिलेलं उत्तरही एकदा काढून बघा.